१४० पीसी, सगळीकडे एकच लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड: लॅप्स लावताना आधी काय, नंतर काय?

तळघर_सर्व्हर

डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून सांभाळलेलं पीसींचं जाळं) १४० पीसी, चार शाखा. बहुतेक विंडोज ११, हिशेब खात्यात ९ विंडोज १० उरलेत. डोमेन कंट्रोलर (डीसी, डोमेन चालवणारे सर्व्हर) दोन, दोन्ही सर्व्हर २०१९, पण फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या आवृत्तीच्या सोयी वापरतं ती पातळी) अजून २०१२ आर२. सगळे पीसी एकाच इमेजवरून उभे केलेत, त्यामुळे लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सगळीकडे तोच, आणि तो एएमसीवाल्यांनाही (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्यांनाही) पाठ आहे. ऑडिटचा शेरा आलाय. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकाच ठिकाणाहून सेटिंग पाठवायची सोय) एकदा नवा पासवर्ड ढकलून दिला तर भागेल का, की लॅप्सच (प्रत्येक पीसीचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवून मुदतीने बदलणारी विंडोजची सोय) हवं? हेल्पडेस्कच्या दोघांना पासवर्ड दिसायला हवा, पण त्यांना डोमेन अ‍ॅडमिन करायचं नाही.

हॅशपुराण

ढकलायचं डोक्यातून काढा. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून लिहिलेला पासवर्ड सिसव्हॉलमधल्या (डीसीवरचं पॉलिसींचं शेअर फोल्डर) एक्सएमएल फाइलमध्ये जातो. ती फाइल डोमेनमधला कुणीही उघडू शकतो, आणि तो उलगडायची किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात छापलेली आहे. म्हणून मे २०१४ च्या अपडेटने ती सोय बंद केली. पण अपडेटने जुन्या फाइली पुसल्या जात नाहीत. सिसव्हॉलमध्ये 'सीपासवर्ड' हा शब्द शोधा, सापडला तर ती पॉलिसी आजच उडवा.

शिवाय नवा पासवर्डही सगळीकडे एकच राहणार. विंडोजच्या एनटीएलएम हॅशमध्ये (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) सॉल्ट (हॅश वेगळा व्हावा म्हणून मिसळलेला तुकडा) नसतं, म्हणजे पासवर्ड एक तर १४० पीसींवर हॅशही अक्षरशः एकच. एका पीसीवर शिरलेल्याला पासवर्ड फोडावाही लागत नाही, हॅश उचलून तो पुढच्या पीसीवर तसाच वापरता येतो. त्यातही मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं जास्त घातक, कारण नेटवर्कवरून येणाऱ्या लोकल खात्यांचे अधिकार यूएसी (विंडोजची अधिकार आवरणारी सोय) छाटतं, पण या खात्याला त्यातून सूट असते.

तर लॅप्स. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे, वेगळी एमएसआय (इन्स्टॉलर फाइल) नको. जुनं लॅप्स कुठे असेल तर काढा, जुन्या-नव्या दोघांनी एकच खातं सांभाळू नये. क्रम असा (कमांड इथे देवनागरीत, टाइप अर्थात इंग्रजीत):

आधी दोन्ही डीसी अपडेट करा आणि फंक्शनल लेव्हल २०१६ करा. त्याशिवाय पासवर्ड एडीत (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डोमेनची नोंदवही) एन्क्रिप्ट होत नाही, उघडा पडून राहतो. मग स्कीमा (एडीच्या नोंदींचा आराखडा) अ‍ॅडमिन खात्याने 'अपडेट-लॅप्सएडीस्कीमा'. हे मागे फिरवता येत नाही, सिस्टिम स्टेट बॅकअप आधी घ्या. मग पीसींच्या ओयूवर (एडीतला गट, ज्याला पॉलिसी जोडता येते) 'सेट-लॅप्सएडीकॉम्प्युटरसेल्फपरमिशन', म्हणजे प्रत्येक पीसीला स्वतःचा पासवर्ड लिहायची परवानगी मिळते. पॉलिसीच्या यादीत लॅप्स दिसत नसेल तर दचकू नका: सेंट्रल स्टोअर (पॉलिसीच्या नमुना फाइलींचं सामायिक फोल्डर) असेल तर लॅप्सची एडीएमएक्स (पॉलिसीचा नमुना) फाइल तिथे हाताने टाकावी लागते, सोबत तिची भाषेची एडीएमएल फाइलही.

पॉलिसीत बॅकअपची जागा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, लांबी २०, मुदत ३० दिवस, एन्क्रिप्शन चालू. पहिले १० पीसी वेगळ्या ओयूत घ्या.

ओयू_आणि_मी

वरच्यात भर. हेल्पडेस्कसाठी कुलपं दोन आहेत आणि लोक एकच उघडतात. 'सेट-लॅप्सएडीरीडपासवर्डपरमिशन'ने वाचायचा हक्क मिळतो, पण मजकूर एन्क्रिप्टेड असतो. तो उलगडायचा हक्क पॉलिसीतल्या 'ऑथराइज्ड पासवर्ड डिक्रिप्टर्स'मध्ये वेगळा द्यावा लागतो. तिथे काहीच लिहिलं नाही तर फक्त डोमेन अ‍ॅडमिनला उलगडतं. एकच ग्रुप लिहिता येतो, म्हणून हेल्पडेस्क आणि अ‍ॅडमिन दोघांना सामावणारा नवा ग्रुप करा. आणि हा बदल पुढचा पासवर्ड तयार होतानाच लागू होतो. लगेच हवा तर त्या पीसीवर पॉलिसी पोचली की 'रीसेट-लॅप्सपासवर्ड'.

'फाइंड-लॅप्सएडीएक्सटेंडेडराइट्स' ओयूवर चालवाच. कधीकाळी कुणाला दिलेले अधिकार तिथे बाहेर पडतात.

आणखी एक: डोमेनला नव्याने जोडलेला पीसी मुळात 'कॉम्प्युटर्स' कंटेनरमध्ये पडतो. तो ओयू नाही, त्याला ग्रुप पॉलिसी जोडता येत नाही. 'रेडिरसीएमपी'ने ती वाट आपल्या ओयूकडे वळवा, नाहीतर नवे पीसी जुनाच पासवर्ड घेऊन बसतील.

तळघर_सर्व्हर

१० पीसींवर लावलं. सात ठीक, तीन पीसींवर 'खातं सापडत नाही' असा एरर. पॉलिसीत खात्याचं नाव 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असंच लिहिलंय.

हॅशपुराण

तिथेच गोम आहे. त्या तिघांवर कुणीतरी खात्याचं नाव बदललेलं असणार. नावाची ती सेटिंग 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवा. मग लॅप्स मूळ खातं नावाने नाही, ५०० या आरआयडीने (खात्याच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भाग) ओळखतं, नाव काहीही असो. वेगळं खातं सांभाळायचं असेल तरच नाव द्या. पण ते खातं आधी तुम्ही बनवलेलं हवं.

मग 'इन्व्होक-लॅप्सपॉलिसीप्रोसेसिंग' चालवा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लॅप्सचा ऑपरेशनल लॉग पाहा. १००१८ म्हणजे एडीत पासवर्ड गेला, १००२० म्हणजे पीसीवरचं खातं बदललं. दोन्ही हवेत. खातं डिसेबल असेल तर लॅप्स त्याचा पासवर्ड बदलेल, पण खातं चालू करून देणार नाही.

ओयू_आणि_मी

पासवर्ड वेगळे झाले की लोकल अ‍ॅडमिनची नेटवर्कवरून ये-जाही बंद करा. 'डिनाय अ‍ॅक्सेस टू धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क' आणि रिमोट डेस्कटॉपची तशीच सेटिंग, दोन्हींत एस-१-५-११४ (अ‍ॅडमिन असलेली लोकल खाती) हा गट.

हॅशपुराण

हे लगेच नको. चार शाखा आहेत. एखाद्या पीसीचं डोमेनशी नातं तुटलं तर रिमोटने शिरायला तेवढं एकच खातं उरतं. आधी फक्त नेटवर्कची सेटिंग लावा, रिमोट डेस्कटॉपची महिन्याने.

ओयू_आणि_मी

मान्य, पण मधल्या काळात फायरवॉलमध्ये ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) फक्त हेल्पडेस्कच्या आयपींना उघडा ठेवा.

पॅचवाला_बुधवार

सुटलेलं थोडं. जुनी इमेज रिस्टोअर केली की पीसीवर जुना पासवर्ड येतो आणि एडीत नवा असतो, दार बंद. त्यासाठी पॉलिसीत एन्क्रिप्टेड हिस्टरी ६ ठेवा (कमाल १२), म्हणजे 'गेट-लॅप्सएडीपासवर्ड'ला 'इन्क्लूडहिस्टरी' लावून मागचे पासवर्ड मिळतात. पीसी डोमेनमधून काढण्याआधी पासवर्ड वाचून घ्या, एडीतली पीसीची नोंद (ऑब्जेक्ट) डिलीट झाली की तोही जातो.

एएमसीवाल्याने पासवर्ड वापरला की मूळ सेटिंगप्रमाणे २४ तासांनी तो बदलतो आणि सेशनही लॉगऑफ होतं. ते ८ तासांवर आणा, आणि त्यांना आधी सांगा, नाहीतर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर तुटेल.

कुणी पासवर्ड वाचला हे कळायला 'सेट-लॅप्सएडीऑडिटिंग' लावा आणि डीसीवर डिरेक्टरी सर्व्हिस अ‍ॅक्सेसचं ऑडिट चालू करा. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६२ नोंद येते. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार त्याला पुरणार नाही, दुसरीकडे पाठवा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅप्स त्या ९ पीसींवर चालेल, पण ते बदलायच्या यादीत सगळ्यात वर घ्या.