आजीच्या ट्रंकेतला कोरा अर्ज: तुमच्या घरातल्या बायकांचे कॉलेज

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना आजीच्या ट्रंकेत तिचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र आणि त्याच्या घडीत फर्ग्युसनचा कोरा प्रवेशअर्ज सापडला. हुजूरपागेतून ती १९४६ साली मॅट्रिक झाली. कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होते, पण मुलांबरोबर एका वर्गात बसावे लागेल म्हणून पणजोबांनी अर्ज भरू दिला नाही आणि पुढच्या वैशाखात तिचे लग्न लावून दिले. याच पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकातच पदवीधर झाल्या होत्या. आपल्या घरातल्या आठवणी जरूर लिहा.

कोथरूडकर
आईने बी.ए. केले ते कर्व्यांच्या विद्यापीठातून, बहिःस्थ म्हणून, रात्री आमची जेवणे उरकल्यावर अभ्यास करून. अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, १९१६ साली ते विद्यापीठ काढताना मातृभाषेतून शिक्षण हाच पाया धरला होता, म्हणून तर तिला ते जमले. नातेवाईक त्या पदवीला कमी लेखत, त्याचा मला अजून राग येतो. विद्यापीठाला देणगीदार विठ्ठलदास ठाकरसींच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव आहे याचे मात्र तिला फार अप्रूप होते.

नारायणपेठी
आत्याला कॉलेजची परवानगी मिळाली, सायकलची नाही! दोन वर्षे ती स. प. कॉलेजपर्यंत पायी गेली, आणि शिष्यवृत्तीचे पैसे साठवून तिने स्वतःच जुनी लेडीज सायकल घेतली.

गंजपेठेतली
वरच्या आठवणी वाचून भरून आले, पण एक सांगावेसे वाटते. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तिथून आमचे घर हाकेच्या अंतरावर, तरीही आमच्याकडची पहिली मुलगी कॉलेजात गेली ती १९८७ साली, आणि ती मी. आमच्याकडे मुलांबरोबर बसण्याचा प्रश्नच कधी आला नाही. फी एकाचीच भरता येत असे आणि ती भावाची भरली जाई.

कोथरूडकर
ताई, हे लिहिलेत ते फार बरे केलेत. धागाकर्त्या, आजी पुढे कधी कॉलेजात गेल्या का?

धागाकर्ती
माझ्या प्रवेशाच्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. लेडीज रूम कुठे आहे, एवढेच तिने शिपायाला विचारले, कारण प्रवेश मिळालेल्या मैत्रिणीने तिला पत्रातून त्या खोलीचे वर्णन कळवले होते.