डीएसपीची (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगची) गणितं सुटतात पण विषय समजत नाही, सुरुवात कुठून करू?

दारव्हा_ईटीसी
नमस्कार मंडळी. मी ईटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यात. डीएसपीची गणितं सुटतात, झेड ट्रान्सफॉर्मचा तक्ता पाठ आहे, आरओसी (तो ट्रान्सफॉर्म कुठवर चालतो तो भाग) पण काढता येतो, पण हे सगळं काहून करून राहिलो तेच डोक्यात शिरत नाही. गावात नेटचं काही खरं नाही, व्हिडिओ लावला का गोल फिरत राहते आन् लाइन गेली का टॉवरही जाते. मला नुसतं पास नाही व्हायचं, पुढं ईसीजीसारख्या सिग्नलवर काम करायचं आहे. घरी बसून, नेटशिवाय शिकायचं तर कसं? लॅपटॉप साधाच आहे.

वर्धेकर
भाऊ, कॉलेजमधून ऑक्टेव्ह (गणिताचं सॉफ्टवेअर) आन् ऑडॅसिटी (आवाजाचं) उतरवून घे, दोन्ही फुकट आहेत आन् एकदा टाकले का नेट लागत नाही. लॅबमधला मॅटलॅबचा कोड ऑक्टेव्हवर बराचसा तसाच चालते. झेड सध्या बाजूला ठेव, आधी सॅम्पलिंग, म्हणजे ठराविक वेळानं सिग्नलचे आकडे घेणं, कानानं ऐक. रेट सेकंदाला ८००० आकडे ठेवून ५००० हर्ट्झची साइन वेव्ह बनव आन् वाजव, ऐकू येईन ३००० चा आवाज. मग खरोखरची ३००० ची वाजव, कानाला काहीच फरक नाही, कारण दोन्हीचे आकडे तेच पडतात, फक्त चिन्ह उलटं. एलियासिंग ते हेच. एकदा आकडे तेच झाले का मागाहून कोणताच फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही, म्हणून एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधीच फिल्टर लावा लागते.

मग गावातल्या डीपीचा (लाइनच्या ट्रान्सफॉर्मरचा) आवाज घे. संध्याकाळी चांगली गुणगुणते, पण कुंपणाच्या बाहेरूनच मोबाईलवर रेकॉर्ड कर, जवळ जाऊ नको. वेव्ह फाइल करून ८००० वर आण आन् एफएफटी काढ, म्हणजे आवाजात कोणती फ्रिक्वेन्सी किती ते दिसंन. लाइन ५० हर्ट्झची, पण शिखर १०० ला दिसंन, मग २००, ३०० ला. कोअरचं लोखंड एका सायकलमध्ये दोनदा ताणल्या जाते, प्लसला एकदा आन् मायनसला एकदा, म्हणून दुप्पट. आपल्या गावचा स्पेक्ट्रम आपण काढला का पुस्तकातला आपोआप वाचता येते. हेच काम, म्हणजे १०२४ पॉइंटचा डीएफटी, सरळ केला तर १० लाखाच्या वर गुणाकार लागतात, एफएफटीला ५१२०, कूली आन् टुकीच्या १९६५ च्या पेपरनंतर हा विषय एवढा पसरला तो त्याच्यामुळंच.

सावनेरची_ताई
ईसीजी म्हणतोस तर झेड तिथूनच शिक. ईसीजीत लाइनचा ५० हर्ट्झ घुसतोच. सॅम्पलिंग १००० धर, तर युनिट सर्कलवर (१ त्रिज्येच्या वर्तुळावर) ५० हर्ट्झ म्हणजे ३६० पैकी १८ अंश. अधिक १८ आणि उणे १८ वर झिरो (जिथे फिल्टरचं उत्तर शून्य होतं) ठेव, न्यूमरेटरचे गुणांक येतात १, -१.९०२, १. ५० गेला, पण आजूबाजूचंही बरंच गेलं, म्हणून त्याच कोनावर ०.९५ त्रिज्येवर पोल (जिथे उत्तर फुगतं) ठेव, डिनॉमिनेटरचे गुणांक १, -१.८०७, ०.९०२५. आता खाच अरुंद झाली. हाताने काढ हे, दहा ओळींचंही काम नाही. मग त्रिज्या ०.९९ करून बघ, खाच आणखी बारीक होते पण क्यूआरएसच्या (ठोक्याच्या उंच टोकाच्या) मागे लहरी रेंगाळतात, डॉक्टरला ते चालणार नाही. आणि १.०१ करून बघ, आकडे कसे फुगत जातात ते. पोल वर्तुळाच्या आत का लागतात हे मग कोणी सांगावं लागत नाही.

दारव्हा_ईटीसी
दादा, ताई, खरंच लय मदत झाली. डीपीचं करून पाहिलं. ८००० वर १०२४ पॉइंट घेतले, पण शिखर १०० ला नाही, १०१.६ ला येऊन राहिलं आन् बाजूला पसरल्यासारखं दिसते. असं काहून?

वर्धेकर
बरोबर येऊन राहिलं. ८००० भागिले १०२४ म्हणजे ७.८ हर्ट्झचं एकेक बिन (एफएफटीचा खाना), १०० पडते १२.८ वर, असं बिनच नाही, मग तेराव्याला दिसते, १०१.६. उरलेलं शेजारच्या बिनांत सांडते, ते लीकेज. हॅन विंडो (टोकांना आकडे हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लाव, दूरचं सांडणं कमी होते, शिखर मात्र थोडं रुंद होईन. शून्य जोडून पॉइंट वाढवले तर रेषा गुळगुळीत होते, पण जवळजवळच्या दोन फ्रिक्वेन्सी त्यानं वेगळ्या होत नाहीत, त्याला रेकॉर्डिंगच लांब पायजे. पूर्ण ८००० पॉइंट, म्हणजे एक सेकंद घे, बिन १ हर्ट्झचं होते. आन् १० सेकंदाचं घेतलं तर ०.१ चं, मग लाइन नेमकी ५० वर आहे का थोडी खाली हेही दिसंन. सकाळचं आन् रात्रीचं दोन्ही घेऊन इथं टाक.