मदत हवी आहे: गेल्या वर्षीच्या बजेटमधला साकव या वर्षीच्या मसुद्यातून गायब

वहाळापलीकडे
बजेटची सभा या महिनाअखेर आहे. गेल्या वर्षीच्या बजेटमध्ये आमच्या वाडीच्या साकवाला, म्हणजे वहाळावरच्या (ओढ्यावरच्या) छोट्या पुलाला, 12 लाख होते. काम झालं नाही. यंदाचा मसुदा बघायला मिळाला, त्यात साकवाचं नावच नाही. ते 12 लाख गेले कुठे आणि परत कसे आणायचे? अर्ज कोणाकडे करायचा, कुठल्या कलमाखाली, एवढंच सांगा. राजकारण नको. घाईत आहे.

ग्रामसभा_जिंदाबाद
सोपं आहे. ग्रामसभेत विषय लावून घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी ती. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा घाबरू नका. ठराव शब्दशः लिहून घ्या, 'चर्चा झाली' एवढ्यावर सही करू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. साकव बसवायचा तर उरलेल्या 40 टक्के अबंधितमध्ये. आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, तिथे कामाचं नाव आहे का बघा. शिवाय नमुना 1 ची, म्हणजे अंदाजपत्रकाची प्रत ग्रामसेवकाकडे मागा, आणि वाट नमुना 23 ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद आहे का तेही. नोंद नसेल तर आधी ती करून घ्या.

जुनी_खतावणी
जिंदाबाद, जरा दम धरा. धागाकर्ते, ग्रामपंचायत, नगरपंचायत की नगरपरिषद? 'बजेटची सभा महिनाअखेर' म्हणताय त्यावरून मला ग्रामपंचायत वाटत नाही. आणि 12 लाख कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे कुठल्या निधीच्या खात्यात, होते? कामाला तांत्रिक मान्यता मिळाली होती का? कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) निघाला होता का? हे कळल्याशिवाय कलम सांगून उपयोग नाही.

वहाळापलीकडे
नगरपंचायत. आधी ग्रामपंचायतच होती, काही वर्षांपूर्वी बदलली. जिल्हा सिंधुदुर्ग. लेखाशीर्ष वगैरे माहीत नाही, 'साकव बांधणे 12,00,000' असं होतं. टेंडर झालं होतं असं म्हणतात.

ग्रामसभा_जिंदाबाद
हे आधी लिहायचं ना! नगरपंचायतीत ग्रामसभाच नाही. पण नमुना 23 चं सोडू नका. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताना दप्तर हस्तांतरित होतं. पाखाडी (पायऱ्यांची वाट), पायवाट त्यात नोंदलेली नसेल तर ती जागा कागदावर खाजगी मालकीचीच राहते आणि तिथे सार्वजनिक पैसा घालता येत नाही. कितीतरी साकव याच पायरीवर अडतात.

सुरमई_फ्राय
बजेटचा विषय निघालाच आहे तर, किनाऱ्यावरच्या हायमास्टचं वीजबिल नगरपंचायतीने का भरायचं? पर्यटन विभागाकडून वसूल करा. मेमध्ये गाड्यांची रांग लागते, पार्किंग फी घेतली तरी बिलाची सोय होते.

जुनी_खतावणी
सुरमई, पार्किंगचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

धागाकर्ते, नगरपंचायतीचं बजेट 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 101 खाली बनतं. मुख्याधिकारी आणि लेखापाल मसुदा करतात, तो स्थायी समितीतून फिरतो आणि मग विशेष सभेत मंजूर होतो. पण तुमची अडचण कलमाची नाही. तुम्ही तरतुदीला पैसे समजताय. तरतूद म्हणजे 'पैसे आले तर इथे खर्च करायची परवानगी', यापलीकडे काही नाही.

समजा बजेट 40 कोटींचं आहे. त्यात 30-32 कोटी शासकीय अनुदानाच्या ओळी असतात: नगरोत्थान, दलित वस्ती, रस्ता अनुदान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वित्त आयोग. यातल्या निम्म्या ओळी 'मिळेल' या आशेवर लिहिलेल्या. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळेभाडं धरून स्वतःचं उत्पन्न असेल दोनेक कोटी. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर जमेच्या बाजूला दिसतात, पण ते शासनाकडे भरायचे असतात, आपले नव्हेत. त्या दोन कोटींतून पंपाचं वीजबिल, पथदिवे, घंटागाडीचं डिझेल, सफाईचा ठेका. त्यातच महिला-बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना 5-5 टक्के बाजूला काढायचे. उरेल त्यातून साकव. इतकं असून सभेत बजेट 'शिल्लकी'च मांडलं जातं, कारण आशेच्या ओळी जमेला लावल्या की शिल्लक हवी तेवढी दाखवता येते.

म्हणून मसुद्यात तीन रकाने बघा. गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. साकवाच्या ओळीत सुधारितला शून्य असेल तर रक्कम एक तर आलीच नाही, नाही तर पुनर्विनियोजन करून दुसरीकडे वळवली. वळवली असेल तर ठराव असलाच पाहिजे. त्याचा क्रमांक आणि तारीख मागा.

आरटीआय_बाण
एवढं पुराण कशाला? माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय संपला. कलम 4(1)(ख)(xi) प्रमाणे अंदाजपत्रक आणि खर्चाचा तपशील त्यांनी न मागता जाहीर करायला हवा.

जुनी_खतावणी
बाण, उत्तराला मुदत 30 दिवसांची आणि सभा या महिनाअखेर. तुमचं उत्तर येईल तेव्हा बजेट जिल्हाधिकारी कार्यालयात पोचलेलं असेल.

आरटीआय_बाण
मग कलम 2(ञ) आहे. अभिलेखाची पाहणी. जाऊन फाईल बघा, टिपणं काढा.

जुनी_खतावणी
पाहणीसाठीही अर्जच करावा लागतो आणि मुदत तीच. 'अमुक फाईल अमुक दिवशी बघू द्या' असं लिहून दिलं तर काही मुख्याधिकारी लगेच दाखवतात, एवढं खरं. अर्ज टाकावाच, पण त्याच्यावर विसंबून राहू नये.

वहाळापलीकडे
अहो भांडू नका. नगरसेवकाला भेटू का? तो म्हणतो 'या वर्षी घेतो'. दर वर्षी हेच म्हणतो.

कठडा_नसलेला
नगरसेवकाला विचारायचं ते 'घेता का' असं नाही, 'कुठल्या शीर्षातून घेता' असं. त्याला उत्तर देता येत नसेल तर त्याने कामाचं नाव नुसतं यादीत लिहिलंय.

आता बांधकामाच्या बाजूने. 12 लाखांचा आकडा कसा आला? डीएसआरप्रमाणे, म्हणजे शासनाच्या दरसूचीप्रमाणे, कामाची मूळ किंमत 10 लाख धरली तर 18 टक्के जीएसटीने 1.80 लाख, कामगार कल्याण उपकर 1 टक्का म्हणजे 10 हजार. झाले 11.90 लाख. साहित्य तपासणी आणि आकस्मिक खर्च धरला की 12 च्या वर. जुलै 2022 च्या आधीचं जुनं अंदाजपत्रक पुढे ढकललं असेल तर त्यात जीएसटी 12 टक्क्यांनीच धरलेला असणार. अशी फाईल तांत्रिक मान्यतेला गेली की परत येते.

दुसरं, गाळा (दोन काठांच्या आधारांमधलं अंतर) किती? 6 मीटरपर्यंत मोरी, त्याच्या वर लहान पूल. लहान पूल म्हटलं की संकल्पचित्र, पाया खडकापर्यंत नेणं आणि पुराच्या पातळीचा हिशोब, सगळं वाढतं. वहाळ 8 मीटर आणि तरतूद मोरीची, असं झालं तर फाईल हलत नाही आणि कोणी सांगतही नाही का हलत नाही. आणि वहाळाला भरतीचं पाणी येतं का?

वहाळापलीकडे
येतं. अमावास्या-पौर्णिमेला वरपर्यंत चढतं. कडेला चिपीची झाडं आहेत. त्याचा बजेटशी काय संबंध?

कठडा_नसलेला
झालं! हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, दादा. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर वहाळसुद्धा सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नकाशात येतो. प्रस्ताव महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावा लागतो. चिपी म्हणजे कांदळवन. एक झाड जरी तोडायचं असलं तरी 2018 च्या निकालानुसार उच्च न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून साकवाची जागा अशी निवडायची की झाडाला हात लागणार नाही, मग ती जागा दहा मीटर वरच्या अंगाला का सरकेना. टेंडर निघूनही कार्यादेश थांबला असेल तर पहिला संशय मी इथेच घेईन.

रायवळ
ह्यां सगळां बरोबर आसा, पण लोखंडी साकव टाकला की प्रश्न मिटला. चॅनल, चेकर्ड प्लेट, बोल्ट. आठ दिवसांत उभा. काँक्रीटच्या मागे कशाला लागताय?

कठडा_नसलेला
खाऱ्या हवेत आणि भरतीच्या पाण्यावर? चॅनल खालून गंजतो आणि वरून दिसत नाही. प्लेटच्या खालच्या बाजूला रंग पोचत नाही, तिथून पापुद्रे सुटतात. दर दोन वर्षांनी घासून रंग द्यायला देखभालीची तरतूद लागते, आणि बजेटमध्ये सगळ्यात आधी कापली जाते ती देखभालच. काँक्रीट करतानाही सळईवर आवरण नीट द्या, नाहीतर तिथेही तेच. बाकी लोखंडी असो की काँक्रीट, सीआरझेड सुटत नाही.

रायवळ
गॅल्व्हनाइज केलं तर?

कठडा_नसलेला
जोडकामाला साइटवर वेल्डिंग मारलं की तिथला जस्ताचा थर जळतो. फक्त बोल्टचे जोड असतील तर बोला.

सुरमई_फ्राय
आणि साकव झाला की त्यावर दिवा लागेल. त्या दिव्याचं बिल कोण भरणार?

जुनी_खतावणी
सुरमईला या वेळी दाद द्यायला हवी, कारण हा प्रश्न लेखापालही विचारतो.

धागाकर्ते, आता नेमकं काय करायचं ते. उद्याच लेखा विभागात जा आणि लेखाशीर्ष विचारा. स्वनिधी, नगरोत्थान की वित्त आयोग? त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नगरोत्थानाचा जिल्हास्तर निधी असेल तर तो जिल्हा नियोजन समितीकडून येतो. मंजुरीच्या आदेशात खर्चाची मुदत लिहिलेली असते, ती बघा. आणि ग्रामपंचायतीच्या काळात जिल्हा परिषदेच्या साकवाच्या शीर्षातून काम होत असे, ती वाट आता बंद आहे. नगरपंचायत हद्दीत तो खर्च बसत नाही. खूप लोक अजून तिथेच अर्ज करत बसतात.

कार्यादेश निघाला असेल तर ते दायित्व आहे, मसुद्यात 'अपूर्ण कामे' किंवा 'मागील दायित्व' म्हणून आलंच पाहिजे. निघाला नसेल तर काम नव्याने घ्यावं लागेल. टेंडर खरंच झालं का ते महाटेंडर्स संकेतस्थळावर कामाच्या नावाने शोधा. 'म्हणतात' यावर अर्ज लिहू नका.

आणि कॅलेंडर. बजेट फेब्रुवारीत, निधी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, मान्यता आणि निविदा दिवाळीच्या आगेमागे, कार्यादेश डिसेंबर-जानेवारीत. वहाळातलं काम जूनला पाणी भरायच्या आत आटपावं लागतं. यात कुठेही आचारसंहिता आली की ते वर्ष गेलं. म्हणून परवानगीचे कागद बजेटच्या आधी तयार असलेली कामं होतात, बाकीची नावं दर वर्षी छापली जातात.

वहाळापलीकडे
लेखा विभागात जाऊन आलो. शीर्ष नगरोत्थान. सुधारितला शून्य. तांत्रिक मान्यता आहे, टेंडर झालेलंच नाही. फाईलवर शेरा: 'सीआरझेड ना हरकत व जागा मालकांची संमती अप्राप्त'. हे गेल्या जूनचं आहे! कोणी कळवलं नाही. कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ का?

आरटीआय_बाण
जा! बजेटच्या ठरावालाच स्थगिती आणा.

जुनी_खतावणी
कशाला? 308 बेकायदा किंवा लोकांना त्रास होईल अशा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्यासाठी आहे. तुमच्या बाबतीत ठराव झालेलाच नाही. स्थगिती आणून सगळ्या गावाच्या गटारांची कामं अडवाल आणि साकव आहे तिथेच राहील.

सभेआधी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत नगराध्यक्षांना आणि बांधकाम समिती सभापतींना. आवक क्रमांक आणि तारीख पोचवर घ्या. मागण्या दोनच. एक, साकवाचं काम पुढच्या वर्षाच्या नगरोत्थान प्रस्तावाच्या यादीत घ्यावं. दोन, सीआरझेड प्रस्ताव, मोजणी आणि नकाशा यांच्या खर्चासाठी स्वनिधीतून वेगळी तरतूद करावी. ही दुसरी रक्कम लहान असते, सभेत कोणी अडवत नाही, आणि तीच खरी चावी आहे. सोबत दोन्ही काठांच्या सातबारावरच्या सगळ्या खातेदारांची संमतीपत्रं जोडा. मुंबईला राहणारे हिस्सेदार धरून, नाहीतर तोच शेरा पुन्हा पडेल. सभेला प्रेक्षक म्हणून बसा. तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणून आपल्या नगरसेवकाच्या हातात अर्जाची प्रत द्या आणि इतिवृत्तात विषय नोंदवून घ्यायला सांगा.

ग्रामसभा_जिंदाबाद
संमतीपत्राचं मी पहिल्याच दिवशी सांगत होतो.

कठडा_नसलेला
तुम्ही नमुना 23 सांगत होतात. धागाकर्ते, जुन्या तांत्रिक मान्यतेचा दर कुठल्या वर्षाच्या दरसूचीचा आहे तेही लिहून आणा. दरसूची बदलली असेल तर 12 लाख मागू नका, सुधारित अंदाजपत्रक करून घ्या.

वहाळापलीकडे
सातबारावर 23 नावं आहेत. त्यातली नऊ मयत. वारस नोंद नाही. आता?

रायवळ
वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे. मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा. साकव पुढच्या वर्षी.

सुरमई_फ्राय
कोणाला यंदाच्या चतुर्थ वार्षिक आकारणीची नोटीस आली का? आमची घरपट्टी एकदम चढली आहे. हरकत घ्यायची मुदत किती?