वॉरंटीतल्या गाडीचं ऑइल घरी बदलावं का?

गाडीखालचा

माझ्या गाडीची वॉरंटी संपायला अजून दीड वर्ष आहे आणि तिचं ऑइल, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर मी घरीच बदलतो. हे ऐकलं की प्रत्येक जण एकच विचारतो, "मग वॉरंटी गेली असेल ना?" नाही गेली, आणि ती जाते हा समज इतका घट्ट बसलाय की लोक वायपरचं रबर बदलायलाही घाबरतात.

वॉरंटी म्हणजे कारखान्यातून आलेल्या दोषाची हमी. मी एअर फिल्टर बदलला म्हणून स्टिअरिंगच्या मोटरमधला दोष माझ्या गळ्यात पडत नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे, नेहमीची देखभाल मालकाने स्वतः केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमांचा रोखही, अधिकृत सर्व्हिस सेंटरची सक्ती नको, असाच आहे. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड केला, तेव्हा आदेशात हेही सांगितलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. त्या कामातल्या चुकीने जेवढं बिघडलं, तेवढ्यापुरतीच नाकारा.

आता मी हे का करतो ते. मागच्या सर्व्हिसला गाडी सोडण्याआधी मी एअर फिल्टरचा डबा उघडून पाहिला होता. फिल्टरच्या घड्यांमध्ये एक वाळकं पान अडकलं होतं, मुद्दामच तसंच ठेवलं. गाडी परत आली, जॉब कार्डवर "एअर फिल्टर साफ केला" असं लिहिलेलं, खूणही केलेली. घरी डबा उघडला तर पान त्याच घडीत, त्याच जागी. तेव्हापासून जे काम माझ्या हाताला जमतं ते मी दुसऱ्याकडे देत नाही.

जॉबकार्ड

असहमत. नऊ वर्षं सर्व्हिस काउंटरवर काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पण एक बारकावा सुटला. स्पर्धा आयोगाचा तो आदेश स्वतंत्र गॅरेजबद्दल बोलतो. घरी स्वतः केलेल्या कामाला तो तसाच लागू होईल असं गृहीत धरून चालू नका.

दुसरं म्हणजे, दाव्याचा निकाल बहुतेक वेळा काउंटरवरच लागतो. इंजिनातून आवाज येतोय म्हणून गाडी आली की कंपनी आमच्याकडे आधी चार गोष्टी मागते: आजवरच्या सर्व्हिसच्या तारखा, तेव्हाचं रनिंग, ऑइलची ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर. आमच्याकडे झालेलं काम असेल तर ते सिस्टिममध्ये आधीच असतं, दोन मिनिटांत जातं. मालक पिशवीतून बिलं काढतो तेव्हा प्रत्येक बिलावर प्रश्न येतो. हे ऑइल याच गाडीत गेलं कशावरून? चौदा महिन्यांचं अंतर का पडलं? मी असे दावे मंजूर झालेले पाहिलेत, पण तोवर गाडी इंजिन उघडलेल्या अवस्थेत कितीतरी आठवडे उभी होती. त्या माणसाची काही चूक नव्हती, त्याला फक्त ते सिद्ध करत बसावं लागलं.

पानाबद्दल मात्र वाईट वाटलं. असं होतं, आणि होऊ नये.

दहा_चौदा

पिशवीतून बिलं काढणारा माणूस अडचणीत येतो, कारण तो नोंदच नीट ठेवत नाही. मी ठेवतो ती अशी.

ऑइल आणि फिल्टर एकाच बिलावर घेतो, बिलावर माझं नाव आणि गाडीचा नंबर लिहून घेतो. काम त्याच आठवड्यात. काम सुरू करण्याआधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो, मग बाटल्यांच्या मागच्या लेबलाचा, मग नव्या फिल्टरचा पार्ट नंबर दिसेल असा, शेवटी डिपस्टिकचा. सगळे एका फोल्डरमध्ये, फोल्डरचं नाव म्हणजे तारीख आणि रनिंग. मॅन्युअलमध्ये "१२ महिने किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते" असं असतं. बहुतेक लोक किलोमीटर बघतात आणि महिने विसरतात. कमी चालणाऱ्या गाडीचे दावे तिथेच अडकतात.

आणि ऑइल घेताना बाटलीच्या दर्शनी बाजूवर भागवू नका. "५डब्ल्यू-३०" हा फक्त पातळ-जाडपणा झाला. मॅन्युअलने एसीईए सी३ (ऑइलचा एक युरोपीय दर्जा) मागितलं असेल तर मागच्या लेबलावर ते अक्षरशः छापलेलं हवं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाडीत जास्त राख सोडणारं ऑइल घातलं तर तो फिल्टर हळूहळू चोंदतो, आणि तो दावा कंपनीने नाकारला तर तिची चूक म्हणता येणार नाही.

शांत_इंजिन

माझं मत पूर्ण विरुद्ध आहे, आणि ते अनुभवातून आलंय.

वॉरंटीतली गाडी होती, चौथ्यांदा ऑइल बदलत होतो, म्हणजे नवखा नव्हतो. जुना फिल्टर फिरवून काढला, त्याचं रबर मात्र इंजिनच्या बाजूला चिकटून राहिलं. काळ्यावर काळं, दिसलं नाही. नवा फिल्टर त्याच्यावरच बसवला, तळहाताने घट्ट केला. गाडी सुरू केली, ऑइलचा दिवा विझला, खाली वाकून पाहिलं तर सगळं कोरडं. दोन किलोमीटरवर दिवा पुन्हा लागला. थांबेपर्यंत दोन रबरांच्या फटीतून बरंचसं ऑइल रस्त्यावर गेलं होतं. इंजिन जाम झालं नाही, पण खालून ठकठक सुरू झाली ती कायमची. बेअरिंगला मार बसला होता.

दावा नाकारला गेला. बरोबरच होतं ते, दोष कारखान्याचा नव्हताच. माझ्याकडेही सगळे फोटो होते, दहा_चौदा. त्या फोटोंनी एवढंच सिद्ध झालं की काम मी केलंय. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने हीच चूक केली असती तर इंजिन त्यांना भरून द्यावं लागलं असतं. म्हणून म्हणतो, वॉरंटी संपेपर्यंत ऑइलला हात लावू नका. त्यानंतर खुशाल करा.

दहा_चौदा

हे वाचून पोटात गोळा आला. याला माझ्याकडे उत्तर नाही. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर त्याच्याच तोंडावर आहे ना, हे मी बघतो; यापुढे त्याचाही फोटो घेईन.

विकणार_घेणार

वॉरंटीवर बरंच झालं, सर्व्हिस हिस्ट्रीवर कोणीच बोललं नाही. मी आजवर सहा जुन्या गाड्या घेतल्या आणि पाच विकल्या.

विकत घेताना मला सर्व्हिस सेंटरची नोंद हवी असते, ती ऑइलसाठी नव्हे, रनिंगसाठी. दर वर्षी एका तिऱ्हाइताने गाडीचे किलोमीटर लिहून ठेवलेत, त्यामुळे मीटर मागे फिरवलेलं असेल तर आकडे जुळत नाहीत आणि लगेच कळतं. मालकाची स्वतःची वही कितीही सुंदर असो, ती लिहिणारा आणि विकणारा एकच. सगळी हिस्ट्री घरचीच असेल तर मी किंमत पाडून मागतो. माणूस खोटा वाटतो असं नाही, मला तपासायला काही राहत नाही म्हणून.

पण उलटही सांगतो. एक गाडी मी निव्वळ वहीमुळे घेतली होती. सर्व्हिस सेंटरचे शिक्के तर होतेच, शिवाय वहीत "मागच्या डाव्या टायरला हवा वारंवार कमी, व्हॉल्व्ह बदलला", "ड्रेन प्लगचा वॉशर नवा" अशा नोंदी. शिक्का आणि वही दोन्ही असतील तर तशी गाडी मी सोडत नाही.

ब्रेकचा_प्रश्न

ब्रेक ऑइल घरी बदललेलं चालेल का? दोन वर्षं झाली.

जॉबकार्ड

वॉरंटीत नको. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं किमान १५५ ला. म्हणजे बदलायला हवंच, पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा राहिली तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो. एअरबॅग, एसीचा गॅस, हायब्रिडच्या नारिंगी वायरी यांनाही घरी हात नको.

गाडीखालचा

विकणार_घेणार यांचं पटलं. रनिंगची तिऱ्हाईत नोंद माझ्या कितीही फोटोंनी तयार होत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझी भूमिका थोडी बदलतो: मॅन्युअलने सांगितलेली प्रत्येक सर्व्हिस वेळेवर सर्व्हिस सेंटरला. रिकॉल असेल किंवा सॉफ्टवेअरचं अपडेट असेल तर तेही तिथे आपोआप बघितलं जातं. फिल्टर, वायपर, बल्ब, टायरची हवा घरी. पण दोन सर्व्हिसच्या मधला एक जादाचा ऑइल बदल मी सोडणार नाही. माझं चालवणं थोडंथोडं, इंजिन धड तापत नाही, अशा वापरात ऑइल लवकर खराब होतं. मॅन्युअलच त्याला खडतर वापर म्हणतं.

जॉबकार्ड

त्यातच खरी अडचण आहे. ड्रेन प्लगला, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला, शेवटचा हात कोणाचा? ऑइलचं चेंबर बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचं असतं, पाना जरा जास्त ओढला की आटे जातात. कधी कधी आटे आधीच कोणीतरी एअर गनने अर्धे घालवलेले असतात आणि तुमच्या हातात ते सुटतात. आमच्या चुकीचा दोष तुमच्यावर येईल, आणि तुमच्या चुकीचा आमच्यावर.

गाडीखालचा

टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच घट्ट करतो, वॉशर दर वेळी नवा. पण आटे आधीच गेलेले असतील तर माझ्याकडे पुरावा नाही, हे मान्य. काय करू?

जॉबकार्ड

एक उपाय आहे, तो कोणी वापरत नाही. सर्व्हिसला गाडी सोडताना स्वतःहून सांगा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या: "मधल्या काळात मालकाने ऑइल व फिल्टर बदलले, ग्रेड अमुक, रनिंग तमुक. ड्रेन प्लग व आटे तपासून स्थिती नोंदवावी." गाडी परत घेताना ती स्थिती लिहिली आहे का ते पाहूनच सही करा. लपवलेलं काम नंतर उघडकीला आलं की संशय वाढतो. आधी नोंदलेल्या कामावर कंपनीला बोट ठेवणं अवघड जातं.

शांत_इंजिन

मी तरीही नको म्हणेन. पण करणारच असाल तर गाडी सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवा आणि टॉर्चने फिल्टरची कड बघा. मी एक मिनिटही धड थांबलो नव्हतो.

गाडीखालचा

दोन्ही करतो. पुढच्या महिन्यात सर्व्हिस आहे. काउंटरवर अशी नोंद घ्यायला तयार झाले नाहीत तर?

जॉबकार्ड

तेच वाक्य गाडीच्या नंबरासकट त्यांना ई-मेलने पाठवा, गाडी सोडायच्या आदल्या दिवशी. नंतर पाठवलेल्याला तेवढं वजन राहत नाही.