शेवटचं वर्ष: पुण्यात क्लास लावायचा, की सोलापुरातच काम करून दाखवायचं?

होटगी रोडकर

मामाचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात गेलाय. घरचे ८० हजार रुपये कर्ज काढून त्याला पुण्यात फुल स्टॅकचा, म्हणजे वेबसाइटचं दिसणारं आणि मागचं सगळं काम शिकवणारा, क्लास लावून देणार आहेत. मी नको म्हणालो, त्यावरून घरात वाद झाला. म्हणून इथं मांडतो.

गेली पाच वर्षं मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतोय. क्लासवाल्या मुलांच्या रिझ्युमेत तीच प्रोजेक्टं असतात: शॉपिंग साइट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, चॅट अ‍ॅप. मी एकच विचारतो, "हे वापरतं कोण?" पोरं गप्प होतात.

गेल्या वर्षी आपल्या पूर्व भागातली एक मुलगी आली. तिनं वडील कामाला जातात त्या टॉवेल कारखान्याचा मजुरीचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर आणला होता. पहिल्याच आठवड्यात एका कामगाराचे पैसे कमी निघाले. वहीत एक दिवस 'नरसय्या' लिहिलेलं, दुसऱ्या दिवशी 'नर्सय्या'. प्रोग्रामनं माणसं दोन धरली आणि मजुरी वाटून टाकली. मग तिनं नावावर भरवसा ठेवणं सोडलं, प्रत्येक कामगाराला नंबर दिला, आणि जुन्या नोंदी वडिलांना शेजारी बसवून एकेक करून जुळवल्या. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, कशाला लागते, हे तिला पाठ करावं लागलं नव्हतं. आम्ही तिला घेतलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अशा वह्या किती असतील, मोजा. एक वही मागा आणि कामाला लागा. ८० हजार घरात राहू द्या.

हुतात्मा एक्सप्रेस

दादा, तुम्ही टेबलाच्या पलीकडं बसून बोलताय. त्या टेबलापर्यंत पोचायचं कसं, ते सांगा.

मी पदवीनंतर दीड वर्ष सोलापुरात बसून अर्ज केले. माझंही प्रोजेक्ट खरं होतं, एका किराणा दुकानाच्या उधारीचं. कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही, कारण पहिली चाळणी अ‍ॅप्टिट्यूडची. काळ-काम-वेग, टक्केवारी, इंग्रजी उतारा. त्यात उडालं की कोड गेला खड्ड्यात. आणि वॉक-इनचा मेसेज यायचा रात्री नऊला, रिपोर्टिंग सकाळी साडेनऊ, हिंजवडी. सकाळची हुतात्मा गाडी पुण्यात पोचते साडेदहाच्या सुमाराला! रात्रभर एसटीत बसून, स्वारगेटला तोंड धुऊन मी किती मुलाखती दिल्या, माझं मला माहीत.

शेवटी पुण्यात कॉट बेसिसवर राहिलो. तिसऱ्या महिन्यात रूममेटनं रेफरल दिलं, म्हणजे त्याच्या कंपनीत माझं नाव सुचवलं, आणि काम झालं. त्याला माझा कोड आवडला म्हणून नाही. रोज रात्री मी अभ्यास करतो हे तो बघत होता म्हणून. हे सोलापुरात बसून होत नाही. पोराला पाठवा.

विडी घरकुल

पाठवा म्हणणं सोपं आहे. आई विड्या वळते, बाबांचा माग बंद पडलाय. पुण्याची खोली आणि मेस आमच्या हिशेबात बसतच नव्हती. त्यात मुलगी म्हटल्यावर घरून निघायलाच दोन वर्षं वाद चालला असता.

मी डेटाबेस आणि जावा एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सवर शिकले. आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्हिडिओ फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेला. अवघड काय होतं ते सांगते. घरी तेलुगू, शाळा मराठी, मुलाखत इंग्रजीत. कोड यायचा, तोंड उघडायचं नाही. मग रोज संध्याकाळी मी धाकट्या बहिणीला समोर बसवायचे आणि त्या दिवशी लिहिलेला कोड ओळीओळीनं इंग्रजीत समजावून सांगायचे. तिला काही कळायचं नाही. पण ती मोबाइलवर वेळ लावायची, आणि मी अडले की हात वर करायची. चार महिन्यांनी हात वर होणं जवळपास थांबलं. कॅम्पसला तिसऱ्या कंपनीत माझी निवड झाली.

त्यामुळे होटगी रोडकर, वही बरोबर आहे, पण वहीबद्दल बोलता आलं पाहिजे. आता तर चॅटजीपीटी कोड लिहून देतं, म्हणून मुलाखतीत "ही ओळ का लिहिलीस?" हेच जास्त विचारतात.

चिंचोळीचा कारखानदार

आमच्या वह्यांबद्दल चाललंय म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी चार मुलं आली, बिलांचा प्रोग्राम करून देतो म्हणाली. मी हो म्हटलं. आपल्या गावची पोरं, शिकतायत. चांगला केला होता. मार्चमध्ये त्यांचं प्रोजेक्ट सबमिट झालं, मार्क मिळाले. १ एप्रिलला मी नव्या वर्षाचं पहिलं बिल काढायला घेतलं तर प्रोग्राम म्हणतो, हा नंबर आधीच वापरलाय. जीएसटीत बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको, एवढाच नियम आहे; नवीन वर्षी आम्ही पुन्हा १ पासून सुरू करतो. पोरांनी वर्षच धरलं नव्हतं. फोन लावला तर दोघं पुण्यात, एक बंगळुरूला, चौथा उचलेना. बाहेर ट्रक उभा, माल भरलेला. हातानं बिल केलं.

आमचा कारखाना म्हणजे तुमच्या सरावाची पाटी नाही. रागानं बोलत नाही, पण हा सल्ला देताना समोरच्या माणसाचं काय होतं तेही बघा.

होटगी रोडकर

मालक, हे मला सुचायला हवं होतं. कॉलेज सुटल्यावर कोण बघणार हे ठरल्याशिवाय पैशाच्या व्यवहाराला हात लावू नये. मजुरी आणि बिलं जुन्या वहीत चालूच ठेवायची, प्रोग्राम शेजारी चालवायचा, आणि निदान एक ३१ मार्च पार करून दाखवायचा. शिवाय काय कुठं आहे ते मराठीत दोन पानं लिहून द्यायचं. माझ्या टीममध्ये नवीन मुलांना मी हेच करायला लावतो, मग इथं का सुटलं, कुणास ठाऊक.

हुतात्मा, अ‍ॅप्टिट्यूडचं मान्य. रोज तास-दीड तास, शेवटच्या वर्षाआधीच सुरू. पण तुमच्याच सांगण्यात तुम्हाला नोकरी खोलीनं मिळवून दिली, क्लासनं नाही! ८० हजारांत किती महिने राहता येईल?

आणि एक गोष्ट काळजीनं सांगतो. काही ठिकाणी दोन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतात. असले रिझ्युमे माझ्याकडं येतात. पडताळणीत पीएफची नोंद मागतात, त्यात कंपनी दिसत नाही, आणि रुजू झालेला मुलगासुद्धा घरी जातो.

हुतात्मा एक्सप्रेस

क्लासबद्दल मी हट्ट धरत नाही. शिकायचंच असेल तर सी-कॅट देऊन सीडॅक या सरकारी संस्थेचा अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा कोर्स करावा. प्रवेश परीक्षा असल्यानं सोबतची मुलं तयारीची असतात. पण पुणे गाठावंच लागतं, हे मी सोडणार नाही. ताईंना कॅम्पसला मिळालं याचा आनंद आहे. ज्यांच्या कॉलेजात कंपन्याच येत नाहीत, त्यांनी काय करायचं?

विडी घरकुल

हे खरं आहे. माझी मैत्रीण अशाच कॉलेजात होती. माझ्याहून हुशार. अजून घरी आहे.

जुळे सोलापूर

ज्याच्यावरून वाद झाला तो मामाचा मुलगा मीच. दादांनी धागा पाठवला, सगळा वाचला.

आईशी बोललो. क्लासचे पैसे भरत नाही. अ‍ॅप्टिट्यूड आजपासून. निकाल लागला की तीन महिने पुण्यात राहीन, कर्जही तेवढ्यापुरतंच काढू. ताई, बहीण नाही मला, पण आजोबा आहेत, ते ऐकतील.

चिंचोळीच्या काकांना विचारायचंय: तो प्रोग्राम अजून तुमच्या कॉम्प्युटरवर आहे का? नवीन काही करत नाही. वर्षाचा घोळ तेवढा दुरुस्त करून बघतो.

चिंचोळीचा कारखानदार

आहे. रविवारी अकराला ये. कॉम्प्युटर जुना आहे, चालू व्हायला वेळ लागतो. आणि पुढच्या १ एप्रिलला तुझा फोन लागला पाहिजे.