निक्सन यांना मिळालेली माफी: त्यातून लोकहित साधले का?

मृण्मयी: वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याच्या प्रयत्नांत, अडकलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिला आणि महिन्याभरात, ८ सप्टेंबरला, त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण क्षमादान दिले. २० जानेवारी १९६९ पासून राजीनाम्याच्या दिवसापर्यंत निक्सन यांनी केलेले, किंवा त्यांच्या हातून घडले असण्याची शक्यता असलेले, केंद्रीय कायद्याखालचे सगळे गुन्हे त्यात माफ झाले. तोवर त्यांच्यावर एकही आरोपपत्र दाखल झालेले नव्हते. खटला लांबत जाईल आणि देशातली कटुता चिघळत राहील, असे फोर्ड यांचे म्हणणे होते. २००१ साली याच निर्णयासाठी त्यांना माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार मिळाला आणि १९७४ मध्ये विरोधात बोललेल्या सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी आपले मत बदलल्याचे तेव्हा जाहीरपणे सांगितले. मला मात्र हे अजून पटत नाही. अशा माफीने जनतेचे नेमके काय भले होते?

श्रीरंग: फोर्ड यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, असे मी म्हणेन. महागाई दोन अंकी झालेली, व्हिएतनामचे युद्ध अजून संपलेले नाही, आणि वॉटरगेट प्रकरणाचे विशेष सरकारी वकील लिऑन जॉवर्स्की सांगतात की निःपक्षपाती ज्यूरी मिळण्यासाठीच नऊ महिने किंवा त्याहून जास्त थांबावे लागेल. अशा वेळी माजी राष्ट्राध्यक्ष रोज आरोपीच्या पिंजऱ्यात दिसत असते, तर नव्या सरकारचे दुसरे कोणतेही काम लोकांच्या नजरेत भरले नसते. या निर्णयाची किंमत फोर्ड यांनी स्वतः मोजली. गॅलपच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता ७१ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर घसरली आणि १९७६ ची निवडणूक ते हरले. राजीनाम्याच्या बदल्यात माफी असा सौदा झाल्याचा संशय व्यक्त होताच १७ ऑक्टोबरला ते प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे स्वतः जाऊन बसले आणि प्रश्नांना उत्तरे दिली. माफी स्वीकारणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९१५ च्या बर्डिक निकालातील मत त्यांना फार महत्त्वाचे वाटे. त्या निकालाचा उतारा ते पुढे पाकिटात बाळगत असत.

अनुजा: पाकिटात बाळगलेला उतारा म्हणजे कबुलीजबाब नव्हे. निक्सन यांच्या माफीच्या दिवशीच्या निवेदनात वॉटरगेट प्रकरण अधिक ठामपणे आणि मोकळेपणाने हाताळायला हवे होते एवढेच मान्य केलेले आहे. गुन्हा केला, असे त्यात कुठेही नाही. पुढे १९७७ च्या मुलाखतीत तर राष्ट्राध्यक्षाने केलेली गोष्ट बेकायदा ठरत नाही, असे ते म्हणाले. फोर्ड यांचे माध्यम सचिव जेरल्ड टरहोर्स्ट यांनी माफीच्याच दिवशी राजीनामा दिला. सदसद्विवेकाला स्मरून लष्करी भरती टाळणाऱ्या तरुणांना माफी नाही आणि निक्सन यांना मात्र आरोप ठेवण्याआधीच माफी, हे त्यांना मान्य नव्हते. शिवाय निक्सन यांचे निकटचे सहकारी हॉल्डमन, अर्लिकमन आणि मिचेल १ जानेवारी १९७५ रोजी दोषी ठरले आणि पुढे तुरुंगात गेले, मग ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते तेच कसे सुटले?

निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफितींचा मुद्दा तर मला माफीहूनही गंभीर वाटतो. माफीच्याच दिवशी जाहीर झालेल्या करारानुसार काही वर्षांनी त्या नष्ट करवून घेण्याचा अधिकार निक्सन यांना मिळाला होता. डिसेंबर १९७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून त्या सरकारच्या ताब्यात ठेवल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. खटला नाही आणि पुरावाही नाही, अशी वेळ अमेरिकेवर येता येता टळली.

श्रीरंग: ध्वनिफितींचा करार चुकीचाच होता; त्याची बाजू मी घेणार नाही. माफीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

विनायक: माफी निकालाआधी की निकालानंतर, हा यातला कळीचा मुद्दा आहे. आपल्या राज्यघटनेचे कलम ७२ दोषी ठरलेल्या व्यक्तीलाच लागू होते, त्यामुळे फोर्ड यांच्यासारखी माफी आपले राष्ट्रपती देऊ शकत नाहीत. आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी एका राजकीय कार्यकर्त्याला दिलेली शिक्षेतली सूट सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एपुरू सुधाकर खटल्यात रद्द केली आणि अशा निर्णयात जात, धर्म किंवा राजकीय निष्ठा यांचा विचार होता कामा नये, असे बजावले.

दक्षिण कोरियाने आधी निकाल लागू दिला. तिथले माजी लष्करशहा चुन दू-ह्वान यांना १९९६ मध्ये मृत्युदंड झाला, अपिलात त्याची जन्मठेप झाली आणि डिसेंबर १९९७ मध्ये ते माफी मिळून सुटले. १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने केलेल्या आंदोलकांच्या हत्याकांडाची जबाबदारी तोवर न्यायालयाच्या निकालात नोंदली गेली होती. त्या माफीला नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांची संमती होती, आणि चुन यांच्याच राजवटीत किम यांना फाशीची शिक्षा झालेली होती.

मृण्मयी: किम यांचे मन मोठे होते, हे मला मान्य आहे. पण स्वतःला झालेला छळ त्यांनी माफ करावा. ग्वांगजूमध्ये ज्यांची मुले मारली गेली त्यांच्या वतीने माफ करण्याचा हक्क त्यांना कोणी दिला? चुन यांनी २०२१ मध्ये मरेपर्यंत ग्वांगजूबद्दल माफी मागितली नाही. तुरुंगवास माफ झाला तरी चुन यांच्यावर सिद्ध झालेल्या लाचखोरीच्या रकमेची वसुली माफ झालेली नव्हती, आणि २०१३ मध्ये सरकारी वकिलांनी घरावर छापे घालून चित्रे जप्त केली, तरीही तिचा मोठा भाग शेवटपर्यंत भरायचाच राहिला.