नवा पेरी मेसन हा पेरी मेसन आहे का?

गिरगावकर: फोर्टच्या फूटपाथवरून जुनी पुस्तकं उचलून मी पेरी मेसन वाचला, अर्ल स्टॅनली गार्डनरच्या रहस्यकथांतला वकील. एचबीओची २०२० ची मालिका आत्ता पाहिली आणि संताप झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिसमधला हा मेसन आधी खासगी गुप्तहेर, दारूत आणि महायुद्धाच्या आठवणींत बुडालेला. वकिलीची सनद मिळवतो तीही लबाडीने. गार्डनर स्वतः वकील. १९३३ पासून ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, पण मेसनच्या घरादाराची, बालपणाची कहाणी कधी उगाळली नाही. अशिलाला एकदा हात दिला की सोडायचा नाही, हीच त्याची ओळख. रेमंड बर या नटाने १९५७ ते ६६ तोच आब टीव्हीवर राखला. मेसनला ही दुःखं कशाला चिकटवली?

दादरकरीण: आब बरचा हो, पुस्तकातला नव्हे! सुरुवातीच्या कादंबऱ्या पुन्हा काढा. मेसन पोलिसांना थापा मारतो, पुराव्याशी खेळतो, सरळ अंगावर जातो. टीव्हीने त्याला इस्त्री केली. त्याआधी वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटांत वॉरन विल्यमचा मेसन चक्क पिऊन पडलेला दिसतो, आणि १९३६ मध्ये त्याचं सेक्रेटरी डेलाशी लग्नही लावलं होतं.

किल्लाकोर्ट: मी फौजदारी वकील. बरच्या मालिकेत खरा खुनी कोर्टातच कबुली देतो, तीही बहुतेकदा प्राथमिक सुनावणीत, ज्युरी बसायच्या आधी. ते बघूनच या पेशात आलो. माझ्या उलटतपासणीत आजवर एकानेही कबुली दिलेली नाही. साक्षीदार फितूर होतात, तारखा पडतात. नव्या मालिकेत मेसन एका पोलिसाला पिंजऱ्यात पार मोडून काढतो, आणि मग कळतं, ती नुसती तालीम होती. सरकारी वकील बर्गर त्याला सांगतो, पिंजऱ्यात कुणी कबूल होत नसतं. तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. इतकं खरं माझ्या पेशाबद्दल पडद्यावर क्वचितच कुणी बोललंय.

गिरगावकर: प्रसंग उत्तम, मान्य. पण त्याच खटल्यात मेसनची माणसं ज्युरीतल्या एकाला पैसे चारतात. पुस्तकातला मेसन पोलिसांना चकवेल, ज्युरी विकत घेणार नाही.

दादरकरीण: आणि ज्युरीतले न विकले गेलेले आणखी दोघं आरोपी बाईच्या बाजूने उभे राहिले, ते? शिवाय डेला बघा. कादंबऱ्यांत ती आयुष्यभर सेक्रेटरीच राहिली. इथे ती कायदा शिकायला निघते, स्वतःच्या अटी घालते. मला मेसनपेक्षा तिचीच वाट जास्त बघावीशी वाटली.

गिरगावकर: डेलाचं पटलं. ज्युरीचं नाही.